दोऱ्याच्या टोंकास गवसणी असावी काय ?

पतंग म्हटला कीं आमच्या विद्यार्थ्यांस संक्रांत आठवते. परंतु ज्या पतंगाविषयीं येथें लिहावयाचें आहे, तो निराळा. विलायतेंत समुद्रकांठीं दोन दोऱ्यांचा पतंग उडवितात. उजवा दोरा ओढला कीं तो उजवीकडे वळतो, डावा ओढला कीं डावीकडे. लगाम घातलेल्या घोड्यासारखा. १९७० नंतरच्या दशकांत इंग्लंडांतील पीटर पॉवेल यांच्या पतंगामुळें हा खेळ तिकडे घरोघर पोहोंचला. यांत काटाकाटी नाहीं.

गतवर्षीं माझ्या पुतण्याकडे इंग्लंडांत राहण्याचा योग आला. त्याचा मुलगा दोऱ्याच्या टोंकांवर, सतारीवर घालतात तशी, एक विणलेली नळी चढवीत बसला होता. “इतका खटाटोप कशाला ? सरळ गांठ मार,” असें मीं सांगितलें. आजोबांचा शब्द त्यानें एका टोंकापुरता मानला.

हा दोरा डायनीमा किंवा स्पेक्ट्रा नांवाच्या तंतूचा असतो. हे तंतू म्हणजे अतिशय लांब रेणूंचें पॉलिएथिलीन. तेवढ्याच वजनाच्या पोलादाहून तें कितीतरी बळकट, आणि इतकें गुळगुळीत कीं पतंगाच्या गिरक्यांनीं दोऱ्यांस पीळ पडला तरी ते एकमेकांवरून सरकत राहतात व पतंग ताब्यांतून जात नाहीं. परंतु आकाशांतला हा गुण गांठींत दोष होतो. गांठ सरकते, सरकतांना घासते, घासतांना तापते. आणि हें द्रव्य सुमारें १५० अंश सेंटिग्रेडलाच वितळतें. शिवाय गांठीच्या अरुंद वळणावर ताण थोड्याच तंतूंवर पडतो. दोऱ्याची निम्मी शक्ति, कधीं त्याहूनही अधिक, तेथेंच नाहींशी होते.

गवसणीचा उपाय साधा आहे. पॉलिएस्टरच्या पोकळ दोरींतून दुमडलेली बारीक तार घालून तिनें दोरा आंत ओढून घ्यावयाचा, व त्या जाड झालेल्या टोंकाचा फास बांधावयाचा. वळण मोठें होतें आणि घासणें पॉलिएस्टर सोसतें. दुसराही एक लाभ आहे, आणि माझ्या मतें तो अधिक मोठा. नवे दोरे ताणले जातात, पण दोन्ही सारखे नव्हेत. एक बोटभर लांब झाला तरी पतंग एका अंगास ओढूं लागतो, व गांठ सोडून दोरे पुनः जुळवावे लागतात. गवसणीवरची गांठ नखांनीं सुटते. नुसत्या दोऱ्याची कापावीच लागते.

विरुद्ध पक्ष अगदींच पोकळ नाहीं (पोकळ असते ती गवसणी !). मंद वाऱ्यांत अति बारीक दोऱ्यावर हलका पतंग खेळविणाऱ्या निष्णातास टोंकाचें तेवढेंही वजन जाणवतें. त्यानें ती खुशाल गाळावी. परंतु हाच युक्तिवाद नवशिक्यानें उसना घेणें म्हणजे निव्वळ आळसास विद्वत्तेचा अंगरखा घालणें होय. त्याचा पतंग जोराच्या वाऱ्यांत, माणसांच्या गर्दींत उडत असतो.

येथील पालकांनीं मात्र असा दोरा मागवूं नये. राष्ट्रीय हरित लवादानें २०१७ सालीं पतंगाच्या कृत्रिम दोऱ्यांवर देशभर बंदी घातली, आणि ती योग्यच आहे. पण ज्यांचीं नातवंडें परदेशीं आहेत, त्यांनीं माझ्यासारखा सल्ला देण्यापूर्वीं थोडें थांबावें.

कारण त्या दिवशीं दुपारीं वारा वाढला आणि मीं सांगितलेली तीच गांठ तुटली. एका दोऱ्यावर राहिलेला पतंग गरगरत, टोंक खालीं करून, वाळूंत किल्ला बांधणाऱ्या एका लहान मुलीपासून चार हातांवर येऊन रुतला. तिच्या आईनें आम्हांकडे पाहिलें. ती कांहींच बोलली नाहीं. पोरानें मजकडे पाहिलें नाहीं, हें त्याचें सौजन्य. संध्याकाळीं त्यानें त्या टोंकावरही गवसणी चढविली. तार मीं धरली होती.