शिकाऊपणाची दुहेरी वसुली

तीन-चार वर्षांचे शिक्षण पुरे करून परिचर्या परिषदेकडे नोंदणी झालेली मुलगी खाजगी रुग्णालयात पहिली नोकरी मागावयास जाते, तेव्हा तिला विचारले जाते : पगार हवा की अनुभव? हा प्रश्नच लबाडीचा आहे.

नवख्या परिचारिकेला प्रशिक्षण हवे, यात शंका नाही. ज्या प्रशिक्षणाचा उपयोग कोणत्याही मालकाकडे होतो, त्याचा खर्च कामगार कमी वेतनाच्या रूपाने सोसतो, असे गॅरी बेकर यांनी १९६४ साली मांडले. ते मान्य केले, तरी मग बाँड कशासाठी? मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणे कशासाठी? एकदा पगारातून वसूल केलेली किंमत पुन्हा वसूल करणे ही वेठबिगारीच होय. आणि रात्रपाळीत अख्खा वॉर्ड तिच्या एकटीवर सोपविला, शेजारी अनुभवी सिस्टर नसली, तर ते प्रशिक्षण कसले? ते पुरे श्रमच आहेत.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार नेमलेल्या समितीने पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयांतही दरमहा किमान २०,००० रुपये वेतनाची शिफारस केली. दोनशेहून अधिक खाटा असल्यास सरकारी परिचारिकेइतके वेतन सुचविले. परंतु शिफारस म्हणजे कायदा नव्हे. केरळमधील परिचारिका संघटित होऊन झगडल्या, तेव्हा तेथे २०१८ साली किमान वेतनाची अधिसूचना निघाली.

प्रशिक्षण ही मालकाची मेहेरबानी नव्हे. ती रुग्णाच्या सुरक्षिततेची गरज आहे. तिचा खर्च रुग्णालयानेच उचलला पाहिजे. वेतन आणि प्रशिक्षण, दोन्ही मागण्या एकत्रच लढविल्या पाहिजेत.