"मुलाचा स्वतःचा फ्लॅट आहे का?" असं विचारणाऱ्या सगळ्यांना

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर रविवारी वाचा. पण ज्यांच्या घरात पंचवीस ते बत्तीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी आहे, त्यांनी वाचाच.

मागच्या महिन्यात आपल्यातल्याच एका काकांनी इथे लिहिलं होतं की भाडं म्हणजे पाण्यात टाकलेला पैसा, नोकरी लागली की दुसऱ्या वर्षी फ्लॅट बुक करावा, हप्त्याच्या धाकाने मुलं शिस्तीत राहतात. खाली कितीतरी जणांनी हात जोडले होते. काका वयाने मोठे आहेत, मनाने चांगले आहेत, पण मला राहवत नाही. मी बडोद्यात एका बँकेत सत्तावीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची अकरा गृहकर्जाच्या टेबलावर. हप्त्याच्या धाकाने शिस्तीत राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. त्याच धाकाने वाटेल तशी नोकरी, वाटेल तसा साहेब सहन करत बसलेली त्याहून जास्त पाहिली आहेत.

एक आधी सांगते, म्हणजे कोणी मला कर्जविरोधी म्हणणार नाही. पगारदार माणसाला बापाच्या इस्टेटीशिवाय डोक्यावर स्वतःचं छप्पर हवं असेल, तर कर्जाशिवाय दुसरा रस्ता जवळजवळ नाहीच. पन्नास लाख साठवेपर्यंत माणूस म्हातारा होतो. आणि आपण बडोदेकर मराठी माणसांनी तर कर्जाचं नाव काढल्यावर नाक मुरडूच नये. १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांच्या पुढाकाराने इथे अन्योन्य सहकारी मंडळी उभी राहिली, देशातल्या अगदी पहिल्या पतसंस्थांपैकी एक. सयाजीराव महाराजांनी बँक ऑफ बडोदाची स्थापना केली ती १९०८ मध्ये. सावकाराच्या दारात जावं लागू नये म्हणून एकमेकांना पैसा देण्याघेण्याची रीत आपल्याच माणसांनी या गावात घातली. तेव्हा कर्ज हे पाप आहे असं मी म्हणणार नाही.

माझा राग आहे तो कर्ज कोणाच्या सांगण्यावरून आणि कशासाठी निघतं त्यावर. आपल्या वधूवर मेळाव्यात परिचयपत्रिकेवर "स्वतःचे घर : आहे / नाही" असा रकाना असतो. "नाही" लिहिलं की पुढची पाच स्थळं फोनच करत नाहीत. मग त्या रकान्यात "आहे" लिहिता यावं म्हणून सत्तावीस वर्षांचा मुलगा वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेतो. त्यावर मला बोलायचं आहे.

आधी ते "भाडं पाण्यात" प्रकरण. हे वाक्य सगळ्यात जोरात कोण म्हणतं माहीत आहे? दांडिया बाजार, रावपुरा, सियाबाग इथल्या वाड्यांत ज्यांचं अर्धं आयुष्य भाड्याच्या दोन खोल्यांत गेलं, ते. १९४७ चा मुंबईचा भाडेनियंत्रण कायदा आपल्याकडेही लागू होता. वीस-पंचवीस रुपयांत माणसं वर्षानुवर्षं राहिली, त्याच खोल्यांत मुलं शिकली, मुंजी झाल्या, मुलींची लग्नं झाली. त्या स्वस्त भाड्याने जे वाचलं त्यातून कोणी हाउसिंग बोर्डाचं घर घेतलं, कोणी प्लॉट घेऊन ठेवला. म्हणजे काका, तुमचं घर उभं राहिलं ते भाड्याच्या जिवावर! ते पैसे पाण्यात गेले नव्हते.

आणि व्याज म्हणजे तरी काय हो? घराचं भाडं घरमालकाला, पैशाचं भाडं बँकेला. आता हिशेब बघा, बोटावर नको, कागदावर करा. चाळीस लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं. हप्ता बसतो ३४,७१३ रुपये. पहिल्या हप्त्यातले २८,३३३ रुपये व्याजात जातात, मुद्दल फिटतं फक्त ६,३८० रुपये. वीस वर्षांत एकूण भरायचे ८३ लाखांच्या वर. तोच फ्लॅट भाड्याने घेतला तर आज आपल्याकडे पंधरा हजारांच्या आसपास मिळतो. मग पाण्यात कोणाचे जास्त गेले? काका म्हणतील, पण घर शेवटी आपलं होतं ना. होतं, बरोबर आहे. वीस वर्षं तुम्ही त्याच गावात राहिलात, नोकरी टिकली, आणि जागेचा भाव वाढला, तर होतं. या तिन्ही "तर" कडे कोणी बघत नाही.

"टॅक्स वाचतो" हेही आता जुनं झालं. या कर्जावर पहिल्या वर्षी व्याज जातं ३ लाख ३७ हजार. राहत्या घरावर सवलत मिळते २ लाखांपर्यंतच, तीही जुनी करपद्धत निवडली तर. नव्या पद्धतीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही, आणि बहुतेक तरुण मुलं नव्या पद्धतीतच आहेत. बिल्डरच्या ऑफिसात मात्र अजून ते जुनंच गणित मांडून दाखवतात.

दर बदलतो हेही लोक विसरतात. मे २०२० पासून दोन वर्षं रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहावर गेला. २०२२ च्या सुरुवातीला ज्याने पावणेसात टक्क्याने चाळीस लाख उचलले, त्याचा हप्ता होता ३०,४१५. वर्षभरात दर सव्वानऊवर गेला आणि नुसतं व्याजच महिन्याला तीस हजारांच्या वर झालं. हप्ता तोच ठेवला तर मुद्दल हलतच नाही! बँकांनी काय केलं, मुदत वाढवली. माणसाला वाटतं हप्ता वाढला नाही, सुटलो. प्रत्यक्षात बासष्टाव्या वर्षापर्यंत हप्ता चालणार असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना कर्जदाराला विचारायला हवं : हप्ता वाढवू, मुदत वाढवू, की दोन्ही थोडं थोडं. २०२५ मध्ये दर उतरले तेव्हा किती जणांनी बँकेत जाऊन आपली मुदत पुन्हा कमी करून घेतली? ज्यांनी घेतली नाही त्यांनी उद्याच जा. हे आत्ता वाचणाऱ्यांपैकी पाच-दहा जणांचे तरी पैसे यात वाचतील.

आता एक खरी गोष्ट, नाव-गाव काढून. नात्यातलाच मुलगा, इंजिनियर, मकरपुऱ्याला नोकरी, हातात ५८ हजार. स्थळं यायला लागली आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न, फ्लॅट? वर्षभरात भायलीला पन्नास लाखांचा बुक केला. बँक ऐंशी टक्के देते, म्हणजे चाळीस. पण वरचे दहा आणून भागत नाही, हे घरातल्या कोणालाच माहीत नव्हतं. स्टँप ड्यूटी ४.९ टक्के, नोंदणी १ टक्का, आणि बीयू परवानगी आली नव्हती म्हणून ५ टक्के जीएसटी. साडेपंधरा लाख घालवल्यावर मग किल्लीचं बोला. त्यातले नऊ वडिलांच्या पीएफमधून आले, आईच्या पाटल्या गेल्या, उरलेले मुलाचे. (दस्तावेज एकट्या आईच्या नावाने असता तर नोंदणीचे पन्नास हजार तरी वाचले असते, गुजरातमध्ये बाईला ती फी माफ आहे. पण "लोक काय म्हणतील, मुलाच्या नावावर नाही?") एकट्याच्या पगारावर कर्ज बसेना म्हणून वडिलांना सह-कर्जदार केलं. त्यांची निवृत्ती चार वर्षांवर होती.

लग्न झालं, छान झालं. तीन वर्षांनी मुलाला पुण्याला चांगली नोकरी मिळाली. फ्लॅट पंधरा हजारांनी भाड्याला गेला, पुण्यात स्वतः चोवीस हजार भाडं भरतो, आणि हप्ता आहेच. म्हणजे महिन्याला जवळजवळ चव्वेचाळीस हजार नुसते राहण्यात. तीन वर्षांत बारा लाख एकोणपन्नास हजार भरले होते, कर्ज उतरलं होतं दोन लाख साठ हजारांनी. विकायला काढला तर गिऱ्हाईक दस्तावेजाच्या खर्चाइतकीही वाढ द्यायला तयार नव्हतं. आणि ज्या वडिलांचा पीएफ त्यात गेला, ते रिटायर होऊन आता एका दुकानात हिशेब लिहायला जातात. सांगतात, "वेळ जात नाही म्हणून." आपण सगळे ऐकून घेतो.

इथे मला खरोखर चीड येते. मुलगा चुकला असं मी म्हणणार नाही, त्याला दुसरं काही करायला आपण जागाच ठेवली नव्हती. सह-कर्जदाराची सही म्हणजे मुलाला दिलेला आशीर्वाद, असं आईवडील समजतात. माझ्या टेबलावर कित्येकांनी न वाचता सही केली, मी "वाचा" म्हटलं तर हसायचे, "पोरावर विश्वास आहे हो ताई." विश्वासाचा प्रश्नच नाही. हप्ते थकले तर बँक दोघांकडे सारखीच बघते. नव्वद दिवस थकलं की खातं बुडीतात धरतात, मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस येते, आणि त्या नोटिशीवर बाबांचंही नाव असतं. त्याहून वाईट म्हणजे जादा तारण म्हणून आईचं राहतं घर लिहून देणं. असं करू नका. कोणी कितीही गळ घातली तरी करू नका.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर अन्याय होईल. वाघोडिया रोडला राहणारी एक नर्सबाई माझ्याकडे आली होती. नवरा नाही, एक मुलगी, दर अकरा महिन्यांनी करार संपला की सामान उचल. "एकटी बाई" म्हणून घरं नाकारली जायची ती वेगळीच. तिने जुना, बांधून बारा वर्षं झालेला छोटा फ्लॅट घेतला, कर्ज बारा लाख, पंधरा वर्षं, हप्ता अकरा हजार आठशेच्या आसपास. पगाराच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. जीएसटी नाही, बिल्डरच्या मागे धावणं नाही. दर दिवाळीला बोनसमधून काही ना काही मुद्दलात भरायची. तरंगत्या दराच्या गृहकर्जाला आधी फेडल्याबद्दल दंड लावता येत नाही, हे तिला मी सांगितलं होतं, तिने ते गाठीला बांधलं. कर्जाएवढा साधा टर्म विमा काढला, म्हणजे आपलं काही झालं तर मुलगी रस्त्यावर येऊ नये. नवव्या वर्षी कर्ज फेडून मूळ कागद घ्यायला आली तेव्हा पेढे घेऊन आली होती. गृहकर्ज यासाठीच असतं. त्या बाईला घर कोणाला दाखवायचं नव्हतं, तिला त्यात राहायचं होतं.

चाळीस लाखवाल्यांनाही हेच लागू आहे. दर वर्षी एक हप्ता जास्तीचा भरला तरी वीस वर्षांचं कर्ज तीन वर्षांहून जास्त आधी संपतं. पण त्यासाठी हातात काही उरायला हवं ना!

आता मोबाइलवर व्हिडिओ बघून "घर घेऊच नका, सगळं एसआयपीत टाका" म्हणणाऱ्या भाच्यांनो, तुमच्याशीही माझं पटत नाही. हप्ता नाही म्हणून वाचलेले वीस हजार दर महिन्याला खरंच गुंतवणारे मी फार थोडे पाहिले. बाकीच्यांचे गोव्याला जातात. आणि पन्नाशीत घरमालकाने "मुलाला लागणार आहे, खोली रिकामी करा" म्हटलं की तुमचा तक्ता कामाला येत नाही. घ्या घर. पण गाव ठरल्यावर घ्या, एका पगारात हप्ता बसेल एवढंच घ्या, सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवून घ्या. बांधकाम चालू असेल तर रेराचा नंबर तपासून घ्या. आणि बाबांच्या पीएफला हात न लावता घ्या. लग्नाआधी जमलं नाही तर लग्नानंतर दोघं मिळून घ्या, त्यात कमीपणा कसला?

मुलींच्या आईवडिलांनाही विचारते. तुम्ही "फ्लॅट आहे का" विचारता आणि "आहे" ऐकून समाधानाने घरी जाता. कर्ज किती शिल्लक, हप्ता किती, पगार किती, कागदावर अजून कोणाची सही आहे, हे कधी विचारलंत? तुमची मुलगी त्या फ्लॅटबरोबर त्या हप्त्याच्याही घरात जाणार आहे. भाड्याच्या घरात राहणारा, कर्ज नसलेला, वर्षाचा पगार बाजूला टाकलेला मुलगा तुम्ही नाकारता, आणि सतरा वर्षांचे हप्ते बाकी असलेला पसंत करता. मला तरी हा हिशेब कळत नाही.

पुढचा मेळावा दिवाळीनंतर आहे आणि अर्ज छापायला अजून वेळ आहे. मंडळाच्या कार्यकारिणीला मी या आठवड्यात पत्र देते आहे की "स्वतःचे घर" हा रकाना काढा. काढायचा नसेल तर त्याच्या शेजारी "शिल्लक कर्ज" आणि "मासिक हप्ता" असे दोन रकाने घाला, आणि ते भरल्याशिवाय अर्ज घेऊ नका. ज्यांना सही करायची आहे त्यांनी शनिवारी संध्याकाळी सहानंतर माझ्याकडे या.