दोन आसने आणि तिसरा माणूस

अर्थशास्त्राच्या वर्गात ‘बाह्य परिणाम’ ही संकल्पना शिकवताना कारखान्याच्या धुराड्याचे उदाहरण देण्याची पद्धत आहे. मालाचा नफा मालकाला, वापर गिऱ्हाइकाला आणि धूर मात्र शेजारच्या वस्तीला, असा तो हिशेब. मीही अनेक वर्षे तेच उदाहरण देत आलो. अलीकडे मात्र मी फळ्यावर एक मोटार काढतो, आणि तीही दोनच आसने असलेली, स्पोर्ट्स म्हणतात त्या जातीची. मुले हसतात. ज्या वर्गातील बहुतेक विद्यार्थी एस. टी.च्या पासवर कॉलेजात येतात, त्या वर्गात या चैनीच्या वाहनाचे काय काम, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, या मोटारीची खरी गोष्ट तिच्यात बसणाऱ्या दोघांची नाही. तिच्यात न बसलेल्या तिसऱ्या माणसाची आहे.

उदाहरणादाखल माझदा या जपानी कंपनीची ‘एमएक्स-५’ घेऊ. १९८९ च्या फेब्रुवारी महिन्यात शिकागोच्या प्रदर्शनात ती प्रथम लोकांपुढे आली. साठीच्या दशकात इंग्लंडात बनत असत तशा लहान, हलक्या, उघड्या मोटारींचा प्रकार तोवर जवळजवळ नामशेष झाला होता. हिरोशिमाच्या या कंपनीने तो पुन्हा जिवंत केला. २०१६ च्या एप्रिलमध्ये या मालिकेतील दहा लाखावी मोटार कारखान्याबाहेर पडली. दोन आसनांच्या उघड्या मोटारींत एवढा खप दुसऱ्या कोणत्याही मोटारीला लाभलेला नाही. ती आपल्याकडे विकली जात नाही. त्यामुळे तिची स्तुती करण्यात वा तिला नावे ठेवण्यात माझा वा वाचकांचा कोणताही स्वार्थ नाही, ही एक सोयच म्हणायची.

या मोटारीचे वैशिष्ट्य तिच्या शक्तीत नाही. पहिल्या मोटारीचे इंजिन १.६ लिटरचे आणि सुमारे ११५ अश्वशक्तीचे होते. आजची मध्यम आकाराची घरगुती मोटारही तेवढी शक्ती बाळगते. तिचे रहस्य वजनात आहे. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, आणि दोन माणसे बसली की पुढच्या व मागच्या चाकांवर जवळपास समसमान भार. २०१५ साली विक्रीस आलेल्या चौथ्या पिढीतही तिचे वजन एका टनाच्या आसपासच राखण्यात आले. गिअर हाताने बदलायचे, कापडी छप्पर आसनावर बसल्या बसल्या हाताने मागे लोटायचे. म्हणजे यंत्राने करावयाची कामे मुद्दाम माणसाकडे ठेवलेली. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, अशा अर्थाचे ‘जिंबा इत्ताई’ हे जपानी वचन तिच्या निर्मात्यांनी ब्रीद म्हणून स्वीकारले आहे.

अशा मोटारीत सुरक्षिततेचे प्रश्न नेहमीपेक्षा अधिक टोकदार होतात. पहिला प्रश्न छपराचा. मोटार उलटली तर डोक्यावर पोलाद नाही. १९७० च्या सुमारास अमेरिकेत मोटार उलटण्यासंबंधीचे कडक नियम येऊ घातले, तेव्हा उघड्या मोटारींचे युग संपले असे कारखानदारांनी धरून चालले. १९७२ साली तेथील न्यायालयाने या मोटारींना त्या नियमातून वगळले. तरीही भीती ओसरली नाही. ब्रिटनची ‘ट्रायम्फ टीआर-७’ ही दोन आसनी मोटार आरंभी बंद छपराचीच काढण्यात आली, आणि १९७६ साली अमेरिकेत एक कॅडिलॅक शेवटची उघडी मोटार म्हणून समारंभपूर्वक निरोप देऊन विकली गेली. पण शेवट काही झाला नाही. १९८९ मध्ये मर्सिडीझच्या दोन आसनी ‘एसएल’मध्ये आसनांमागे एक लपलेली कमान आली, मोटार कलंडते आहे असे जाणवताच ती एका सेकंदाच्या तीन दशांशात उभी राहत असे. ‘मोकळे आकाश हवे की जीव हवा’ असा जो पेच उभा केला गेला होता, तो मुळात खरा नव्हता. नियमाच्या धाकाने अभियंत्यांची बुद्धी कामाला लागते, आणि कारखानदारांनी अशक्य म्हणून सांगितलेली गोष्ट काही वर्षांत जाहिरातीत झळकू लागते, हा मोटार उद्योगाचा जुनाच अनुभव आहे.

दुसरा प्रश्न मुलाचा. लहान मुलाला मागच्या आसनावर बसवावे हा सर्वमान्य नियम. पण जेथे मागचे आसनच नाही तेथे काय करायचे? एअरबॅग प्रौढाला वाचवते. तिच्यासमोर पाठमोऱ्या आसनात ठेवलेल्या तान्ह्या मुलाच्या मात्र ती जिवावर उठू शकते. म्हणून १९९५ साली अमेरिकेच्या नियमांनी मागचे आसन नसलेल्या वाहनांत ही पिशवी किल्लीने बंद करण्याची मुभा दिली, आणि तेथे विकल्या जाणाऱ्या दुसऱ्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये तशी सोय आली. सुरक्षिततेचे साधन म्हणजे देवाऱ्यातला अंगारा नव्हे, की कुणालाही लावला तरी चालावा. ते कुणासाठी, कोणत्या स्थितीत, हा विवेक त्यासोबत यावाच लागतो.

तिसरा प्रश्न चालकाच्या हाताचा. मागच्या चाकांना ओढ असलेली हलकी मोटार ओल्या वळणावर मागून घसरू लागते. यावर आलेला उपाय म्हणजे स्थैर्य राखणारी विद्युत योजना. स्टिअरिंग कोणत्या दिशेला वळवले आहे आणि मोटार प्रत्यक्षात कोणत्या दिशेला जात आहे, यांत तफावत दिसताच ती नेमक्या एका चाकाला ब्रेक लावते व इंजिनाचा जोर कमी करते. अमेरिकेने २०१२ च्या नमुन्यांपासून आणि युरोपीय संघाने २०१४ पासून ती सर्व नव्या मोटारींना सक्तीची केली. स्पोर्ट्स मोटारींत मात्र ही योजना तात्पुरती बंद करण्याची कळही असते. कारण गिऱ्हाईक त्या घसरणीतल्या थरारासाठीच पैसे मोजत असते. बंदिस्त शर्यतीच्या मार्गावर या कळीला माझी हरकत नाही. तेथे जोखीम घेणारा आणि जोखमीचा भार सोसणारा एकच असतो. सार्वजनिक रस्त्यावर हे दोघे वेगळे होतात, आणि तेथूनच अर्थशास्त्राचा प्रांत सुरू होतो.

आता तिसऱ्या माणसाकडे वळू. स्पोर्ट्स मोटारीचे नाक ठेंगणे असते. धडकेत पादचारी बॉनेटवर आदळतो. त्या पातळ पत्र्याखाली दोन बोटांवर इंजिनाचे घट्ट लोखंड असले, तर पत्रा दबून आघात सोसण्यास जागाच उरत नाही आणि माणसाची कवटी फुटते. चौथ्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये यावर एक योजना आहे. बंपरमधील संवेदकाला पादचाऱ्याच्या पायाची धडक जाणवताच बॉनेटची मागची कड क्षणार्धात वर उचलली जाते. डोके आदळण्यापूर्वी पत्रा व लोखंड यांत काही अंतर निर्माण होते. युरोपातील ‘युरो एनकॅप’ या संस्थेने २०१५ साली तिची परीक्षा घेतली. प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी तिला शंभरापैकी ८४ गुण मिळाले, मुलांसाठी ८०, चालकाला साह्य करणाऱ्या साधनांसाठी ६४ आणि पादचाऱ्याच्या रक्षणासाठी तब्बल ९३. एकूण तारे मात्र पाचांपैकी चारच. धोका ओळखून आपोआप ब्रेक लावणारी योजना तेव्हा तिच्यात नव्हती. पुढे काही वर्षांनी ती आली.

चैनीसाठी घेतलेल्या या मोटारीने सर्वांत अधिक गुण मिळवले ते तिच्यात न बसलेल्या माणसाचे रक्षण करण्यात, ही गोष्ट क्षणभर थांबून पाहण्यासारखी आहे. हे परोपकारातून घडले काय? मुळीच नाही. पट्टा, एअरबॅग, कमान यांसाठी गिऱ्हाईक खुशीने पैसे देईल, कारण जीव त्याचा आहे. उचलल्या जाणाऱ्या बॉनेटसाठी तो स्वतःहून रुपयाही देणार नाही. लाभ परक्याला आणि खर्च त्याला. बाजाराने स्वतःहून ही वस्तू कधीच निर्माण केली नसती. ती आली, कारण युरोपात पादचाऱ्याच्या रक्षणाचे नियम झाले, आणि २००९ पासून युरो एनकॅपने पादचाऱ्याचे गुण एकूण ताऱ्यांतच मिळवले. तिसऱ्या माणसाकडे दुर्लक्ष केले की दुकानातले तारे कमी होऊ लागले. परक्याचा जीव अशा रीतीने किमतीत शिरला.

आपल्याकडे काय स्थिती आहे? केंद्रीय वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत ७४,८९७ दुचाकीवर होती आणि ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दर पाच मृतांतील तिघे ना कोणत्या पत्र्याच्या आड होते, ना पट्ट्यात. १ ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही आपली स्वतःची परीक्षा सुरू झाली, ही निश्चितच स्वागतार्ह गोष्ट. मात्र तिचा आरंभ झाला तेव्हा तारे ठरत ते प्रौढ प्रवासी आणि बालप्रवासी यांच्या गुणांवर. पादचाऱ्याची दखल होती ती किमान पात्रतेच्या अटीपुरती; त्याच्या नावाचा वेगळा, जाहीर आकडा नव्हता. ज्या देशात मरणारा प्रामुख्याने मोटारीबाहेर आहे, त्या देशात तारे मोजले गेले मोटारीच्या आतून.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका शक्तिशाली परदेशी मोटारीच्या धडकेने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा अंत झाला. ती मोटार दोन आसनांची नव्हती, आणि त्या प्रकरणाच्या कायदेशीर बाजूत मला शिरायचे नाही. पण त्या दिवसांत माझ्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न अजून माझ्या मनातून जात नाही. ती म्हणाली, “सर, इतकी महागडी मोटार सुरक्षित असते असे म्हणतात. ती कुणासाठी?” या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही विक्रेत्याच्या माहितीपत्रकात सापडणार नाही.

येथे तीन आक्षेप संभवतात. पहिला विद्वानांचा. १९७५ साली सॅम पेल्टझमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने असा युक्तिवाद केला की, सुरक्षित वाटू लागलेला चालक अधिक बेफाम हाकतो आणि वाचलेल्या जिवांची किंमत पादचारी मोजतात. पुढील संशोधनाला हा परिणाम त्याने मांडला तेवढा मोठा आढळला नाही. पण तो अंशतः खरा मानला, तरी निष्कर्ष उलटाच निघतो: आतल्याचे संरक्षण जितके वाढवाल, तितके बाहेरच्याचेही वाढवणे भाग आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. गरीब देशाला ही साधने परवडणार नाहीत, असे म्हणतात. खर्च आजही होतोच आहे. तो फक्त मोटारीच्या बिलात दिसत नाही. तो इस्पितळाच्या बिलात आणि कर्ता पुरुष गेलेल्या घराच्या कर्जात दिसतो. खर्च टळत नाही, तो अधिक दुबळ्या खांद्यावर सरकतो, एवढेच.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: दोष मोटारीचा नसून रस्त्याचा व वेगाचा आहे. हे मला मान्य आहे. पादचाऱ्याची ती परीक्षा ताशी सुमारे ४० किलोमीटरच्या धडकेसाठी असते. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते, हे शाळेतल्या पदार्थविज्ञानाचे गणित कोणतेही बॉनेट खोटे पाडू शकत नाही. पदपथ नाहीत, आहेत तेथे चालता येत नाही, आणि ओलांडण्याच्या पट्ट्यावर मोटारी थांबत नाहीत. तेव्हा वेगावर नियंत्रण आणि चालता येण्याजोगे पदपथ ही पहिली मागणी असलीच पाहिजे. पण एक उपाय अधिक महत्त्वाचा म्हणून दुसरा सोडून द्यावा, हे तर्कशास्त्र कोणत्याही शास्त्रात बसत नाही.

आपल्या कायद्याला हा तिसरा माणूस अपरिचित आहे असेही नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने ‘थर्ड पार्टी’ विमा सक्तीचा केला आणि १९८८ च्या कायद्याने ती सक्ती कायम ठेवली. मोटारमालक आणि विमा कंपनी हे दोन पक्ष. ज्याला धडक बसते तो तिसरा. त्याला भरपाई मिळालीच पाहिजे, हे तत्त्व आपण ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी मान्य केले. मात्र ते मान्य केले त्याच्या मरणानंतर वा अपंगत्वानंतर. त्याच तत्त्वाचा प्रवेश आता मोटारीच्या आराखड्यात व्हावा, एवढीच माझी मागणी आहे. मोटारीच्या ताऱ्यांबरोबर पादचाऱ्याचे गुण वेगळ्या आकड्यात छापले जावेत, आणि त्या गुणांत नापास होणाऱ्या मोटारीला पाच तारे मिळू नयेत. युरोपीय संघाने २०२२ पासून आपोआप ब्रेक लावणाऱ्या योजनेची सक्ती नव्या नमुन्यांपासून टप्प्याटप्प्याने सुरू केली. आपणही तसे वेळापत्रक ठरवून जाहीर करावे.

या पानाच्या वाचकांपैकी दोन आसनांची मोटार घेणारा क्वचितच कोणी असेल. पण सायंकाळी शाळा वा कचेरी सुटल्यावर रस्ता ओलांडणारा त्यांच्यातला प्रत्येकजण आहे. त्या क्षणी तो ना मालक असतो, ना गिऱ्हाईक. तो केवळ तिसरा माणूस असतो. माझ्या त्या विद्यार्थिनीला मी अजून समाधानकारक उत्तर दिलेले नाही. ते देण्याचे काम एकट्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाचे नाही.