वादाची शिकवणी

अनोळखी माणसाशी चार चौघांत उभे राहून गंभीर विषयावर बोलावयास तरुणांना शिकविणे वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. ज्या समाजातला पदवीधर मुलगा बसच्या रांगेत मध्ये घुसणाऱ्यास दोन शब्द सुनावण्याचे धाडस करीत नाही, त्या समाजाने अशा शिक्षणाचा हेवाच करावा. परंतु हेवा करण्यापूर्वी त्यांना काय बोलावयास शिकवितात, आणि कोणाविषयी मुळीच न बोलण्याची सवय लावतात, तेही पाहिले पाहिजे.

अमेरिकेतील गर्भपातविरोधी, स्वतःस 'प्रो-लाइफ' म्हणविणारी चळवळ हे शिक्षण मोठ्या शिस्तीने देते. १९७३ च्या जानेवारीत तेथील सर्वोच्च न्यायालयाने रो विरुद्ध वेड या खटल्यात गर्भपाताचा हक्क मान्य केला. पुढच्याच जानेवारीत वॉशिंग्टनला त्याविरुद्ध मोर्चा निघाला. तो दर वर्षी निघत राहिला, आणि २०२२ च्या जूनमध्ये त्याच न्यायालयाने आपला निकाल फिरविला. हे काही एकट्या वकिलांचे कर्तृत्व नव्हे. विशी-बाविशीतील मुलेमुली शिबिरांत तयार झाली, महाविद्यालयांच्या आवारात टेबले मांडून बसली, छिन्नभिन्न गर्भांची प्रचंड छायाचित्रे घेऊन उभी राहिली. समोरचा काय म्हणेल आणि त्यास काय उत्तर द्यावयाचे, याची ती आधी आपसांत तालीम करतात. कोणी म्हणाले, 'बाई गरीब आहे', तर लगेच विचारावयाचे, 'मग गरीब बाईने दोन वर्षांचे पोर मारले तर चालेल काय?' समोरचा गडबडतो. गडबडणारच.

त्यांच्या शिकवणीतले एक सूत्र तर चार इंग्रजी अक्षरांत बसविलेले आहे. त्यास 'स्लेड' म्हणतात. स्टीफन श्वार्झ या तत्त्वज्ञाने १९९० मध्ये मांडलेला हा युक्तिवाद. गर्भ आणि जन्मलेले मूल यांत आकार, वाढ, स्थान आणि परावलंबन एवढाच काय तो फरक. आणि यांपैकी कोणताही फरक जीव घेण्यास पुरेसा नाही. युक्तिवाद हलका नाही. गर्भ म्हणजे काहीच नव्हे, असे म्हणून त्याची वासलात लावणाऱ्यांच्या बाजूचे आम्ही नव्हे. पण त्यातील तिसरे अक्षर पाहा. स्थान बदलल्याने माणूस बदलत नाही, हे आम्हां बदलीच्या नोकरांस कोणी नव्याने सांगावयास नको. परंतु गर्भाशय म्हणजे नागपूरहून दिल्लीस बदलता येणारे ठाणे नव्हे. ते एका बाईचे शरीर आहे. चारही अक्षरे वाचून झाली तरी ती बाई कोठे भेटत नाही. तिच्यासाठी पाचवे अक्षर कोणी योजले नाही, आणि सारा वाद जिंकला जातो तो ह्याच गाळलेल्या जागेवर.

सविता हलप्पनवार ही बेळगावची मुलगी. आयर्लंडमध्ये दंतवैद्य होती. २०१२ च्या ऑक्टोबरात सतरा आठवड्यांची गरोदर असता तिचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झाले. तिने गर्भपात मागितला. गर्भाचे हृदय चालू आहे, असे सांगून तो नाकारला गेला. जंतुसंसर्ग ओळखण्यातही हयगय झाली, आणि २८ ऑक्टोबरला ती गेली. त्या खोलीत दोन हृदये चालू होती. २०१८ च्या मे महिन्यात आयरिश जनतेने सहासष्ट टक्के मतांनी घटनेतील ते कलम काढून टाकले. पण हे शहाणपण पदरात पडण्यासाठी आमच्या मुलखातल्या एका मुलीचा बळी जावा लागला.

हे सारे परदेशी प्रकरण आहे, असे समजून वाचकांनी पान उलटू नये. १० ऑगस्ट २०२२ रोजी दिल्लीतही असाच मोर्चा निघाला. तारीख मुद्दाम निवडलेली होती. गर्भपाताचा आपला कायदा १९७१ मध्ये त्याच दिवशीचा. तो कायदा का झाला, हे मोर्चेकऱ्यांस शिकविले असेल काय? १८६० च्या दंडसंहितेने, जीव वाचविण्याचे कारण सोडता, गर्भपात करवून घेणाऱ्या बाईसही गुन्हेगार ठरविले होते; आणि शंभर वर्षे बाया अडाणी हातांखाली मरत होत्या. १९६४ मध्ये शांतिलाल शाह समिती नेमली गेली ती त्यासाठी.

आणि दोष काय एकट्या मोर्चेकऱ्यांचा आहे? ऐंशीच्या दशकात मुंबईच्या कार्यकर्त्यांनी गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध चळवळ केली, तेव्हा त्यांनी मोठा विवेक राखला होता. त्यांनी बोट ठेवले ते परीक्षेवर आणि ती करणाऱ्या डॉक्टरवर. गर्भपात करणाऱ्या बाईवर नव्हे. १९८८ चा महाराष्ट्राचा कायदा आणि १९९४ चा केंद्राचा कायदा ह्याच विवेकातून निघाले. पुढे भित्तिपत्रके रंगविणारे आले, आणि 'गर्भलिंगनिदान' हा अवघड शब्द टाकून 'भ्रूणहत्या' हा सोपा शब्द भिंतीभिंतींवर चढला. मुलींचे प्रमाण काही त्याने सुधारले नाही. महाराष्ट्रात हजार मुलग्यांमागे २००१ साली ९१३ मुली होत्या, २०११ साली ८९४. उलट कायदेशीर गर्भपातासाठी आलेली बाईदेखील हत्येसाठी आल्यासारखी पाहिली जाऊ लागली, आणि औषधवाले गोळ्या ठेवावयास कचरू लागले.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्यांनीही जाहिराती लावल्या होत्या. पण फसलेल्या विधवेने गुपचूप येऊन सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे की ठेवावे ते तिच्या मर्जीवर, असा त्यांचा आशय होता. तेथे जन्मलेल्या एका मुलास त्या दांपत्याने पुढे स्वतः दत्तक घेतले. अमेरिकेतही गरोदर मुलींस दुपटी-पाळणे देणारी केंद्रे आहेत, ते आम्ही नाकारीत नाही. पण तालीम दिली जाते ती दुपटी शिवण्याची नव्हे, उत्तरे फेकण्याची.

आमची महाराष्ट्र मंडळे तरी निराळे काय करतात? वक्तृत्व स्पर्धेत प्रतिपक्षाचे खंडन करील त्यास ढाल. त्या ढाली आम्ही दिवाणखान्यात मांडतो. ह्या वक्त्यांना एक साधे काम सांगून पाहावे. सज्ञान स्त्रीच्या गर्भपातास कायदा फक्त तिचीच संमती मागतो. पतीच्या सहीची तरतूद त्यात नाही, आणि तरीही ती सही ठिकठिकाणी मागितली जाते. आमच्या सरकारी वसाहतीत धुणीभांडी करावयास येणाऱ्या बायांपैकी कितीजणींस हे ठाऊक आहे, ते त्यांनी एकदा विचारून यावे.