डाग पुसा, वर्ण ठेवा

तुळशीचे लग्न लागले की मालवण किनाऱ्यावर लग्नसराई सुरू होते, ती थेट पाऊस तोंडावर येईपर्यंत. मुंबईचे चाकरमानी सुट्टी काढून गावी उतरतात आणि कुडाळ, कणकवली, मालवणच्या स्टुडिओंत करिझ्मा अल्बमांचे काम रात्री उशिरापर्यंत चालते. त्यात चेहऱ्याचा रंग सारखा करण्यात बराच वेळ जातो. हळदीचा पिवळेपणा कानामागे राहिलेला असतो, मंडपाच्या लाल कापडाची झाक गालावर उतरते, माडांच्या बागेत उजेड हिरवट पडतो, जांभ्या चिऱ्याच्या भिंतीजवळ उभे राहिले की चेहऱ्याची एक बाजू तांबूस होते. मेकअपमुळे नवरीचा चेहरा एका रंगाचा, मान दुसऱ्या आणि हात तिसऱ्या. हे जुळवणे ही कारागिरी आहे, तिला नाक मुरडण्याचे कारण नाही. पण जुळवून झाल्यावर नवरी बहुतेक वेळा मुळापेक्षा गोरी निघते, आणि तसे करा म्हणून कोणी सांगितलेलेही नसते. ही सवय संगणकाबरोबर आलेली नाही. तिचे वय दीडशे वर्षांहून जास्त आहे.

मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांत डॉ. नारायण दाजी होते. डॉ. भाऊ दाजी लाडांचे हे धाकटे बंधू. घराणे पेडण्याकडच्या मांद्र्याचे, म्हणजे आपल्या तेरेखोल खाडीच्या पलीकडचे. त्या काळी फोटो टिपायला वापरात असलेल्या, कलोडियन या रसायनाचा थर दिलेल्या काचेला निळा आणि अतिनील प्रकाशच काय तो दिसे. तांबडा-पिवळा जवळजवळ दिसतच नसे. माणसाची कातडी कोणत्याही वर्णाची असली तरी तिच्यात तांबूस-पिवळ्या छटा असतातच. त्यामुळे डोळ्याला जेमतेम जाणवणारा वांग किंवा उन्हाने रापलेला गाल काचेवर काळपट उमटे. उभा जन्म समुद्रावर काढलेला एखादा गाबीत त्या काचेसमोर बसला असता, तर फोटोतला त्याचा चेहरा घरच्यांनाही डागाळलेला वाटला असता. म्युनिकच्या फ्रान्झ हान्फस्टेंगल याने १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात रिटच केलेली, म्हणजे हाताने डाग दुरुस्त केलेली निगेटिव्ह मांडली आणि या कलेचा बोलबाला झाला. तिची गरज मुळात रास्त होती. दोष काचेचा होता. तो हळूहळू चेहऱ्याच्या माथी मारला गेला.

हे कसे घडले ते समजायला हत्यार पाहावे लागते. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हमध्ये पारदर्शक दिसतो. तिथे रोगणाचा हात देऊन टोकदार पेन्सिलीने बारीक रेघा भरल्या की त्या जागेतून उजेड कमी जातो आणि कागदावर डाग उजळतो. याच्या उलट, एखादी जागा गडद करायची तर सुरीने निगेटिव्हचा थर खरवडावा लागे, आणि हात घसरला की काच वाया. उजळणे सोपे, गडद करणे जोखमीचे. मग कपाळ आणि गाल यांचा मेळ घालताना उजळ जागा सावळीशी जुळवण्याच्या फंदात कोण पडेल? सावळी जागाच उजळीला जुळवली जाऊ लागली. गोरेपणाचे वेड समाजात आधीपासून होते. पेन्सिलीने त्याची सोय केली.

१८७३ मध्ये हेरमान फोगेल याने रसायनात रंगद्रव्य मिसळून काचेला निळ्यापलीकडचे रंग दाखवण्याची युक्ती शोधली. १९०६ मध्ये तांबडाही टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा इंग्लंडच्या बाजारात आल्या. डाग वाढवून दाखवणारे मूळ कारण संपले, रिवाज मात्र उरला.

कातडीचे रंग असमान असणे हा दोषच आहे का, याचे उत्तर मालवण-कुडाळच्याच जिल्ह्यातल्या एका चित्रकाराने देऊन ठेवले आहे. सावळाराम लक्ष्मण हळदणकर १८८२ मध्ये सावंतवाडीत जन्मले आणि व्यक्तिचित्रांसाठी नावाजले. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधले, दिव्यावर हात धरून उभ्या असलेल्या स्त्रीचे त्यांचे जलरंगचित्र जगप्रसिद्ध आहे. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचे समजतात. ज्योतीसमोरची बोटे तांबडी पेटलेली, चेहरा उबदार सोनेरी, उजेडापासून दूरचा भाग गडद. एकाच देहावर इतके रंग आहेत म्हणूनच ती बाई जिवंत वाटते. आजच्या सॉफ्टवेअरच्या हाती हे चित्र दिले तर ते बोटांची लाली आधी काढून टाकील.

रंगीत फिल्म आली तेव्हा पक्षपात आणखी खोल गेला. कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी जे कार्ड पाठवी, त्यावर एका गोऱ्या स्त्रीचा फोटो असे. ‘शर्ली’ या नावाने ते ओळखले जाई. तपकिरी छटा नीट याव्यात म्हणून कोडॅकने पुढे फिल्म सुधारली. पण त्यामागे चॉकलेट आणि लाकडी सामान बनवणाऱ्यांच्या तक्रारी होत्या, असे कॅनडातील अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी नोंदवले आहे. लाकडाचा रंग चुकतो याची दखल घेतली गेली. माणसाचा चुकत होता, तो चालून गेला.

आता हत्याराची सबब उरलेली नाही. १९९० मध्ये फोटोशॉप आले. त्यात लेयर ‘कलर’ मोडवर ठेवला की रंगछटा बदलते, उजळपणा जसाच्या तसा राहतो. ‘कॅप्चर वन’मध्ये तर त्वचेची रंगछटा, रंगाची तीव्रता आणि उजळपणा सारखा करायला तीन वेगळे स्लायडर आहेत. पेन्सिलीला जे जमत नव्हते, ते आज एका बोटाने होते. तरीही तयार प्रीसेट आणि मोबाइलचे ब्युटी मोड रंग जुळवणे आणि उजळणे ही दोन्ही कामे एका दमात उरकतात, आणि त्यांना मोडता घालायला हात रिकामा नसतो.

गिऱ्हाइकालाच गोरा फोटो हवा असतो, असे स्टुडिओवाले म्हणतील. त्यात तथ्य आहे. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० मध्ये नाव बदलले; मागणी तेवढ्याने बदलत नाही. पण गिऱ्हाईक बहुधा ‘चेहरा साफ करा’ एवढेच म्हणते, आणि त्याचा अर्थ आपण ठरवतो. साफ करण्याची रीत कठीण नाही. मंडपात करड्या कार्डाचा एक फोटो घ्यावा, म्हणजे कापडाची झाक व्हाइट बॅलन्समध्येच निघून जाते. मेकअपआधीचा एक फोटो घेऊन वर्णाचे माप त्यावरून धरावे. हात आणि मान मेकअपच्या रंगाशी जुळवू नयेत. आठवड्याभरात बरी होणारी पुटकुळी पुसावी, जन्माचा तीळ ठेवावा.

आणि तालुक्यातालुक्यांतल्या फोटोग्राफर मंडळींनी दरपत्रकातल्या ‘स्किन करेक्शन’ या एका ओळीच्या दोन ओळी कराव्यात: रंग जुळवणे, आणि वर्ण उजळणे. दुसरीपुढे वेगळा दर लिहावा आणि ते काम मागितल्यावाचून करू नये. ‘आमच्या मुलीला गोरी करून द्या’ हे तोंडाने सांगून वर पैसे मोजावे लागले, तर किती घरे तसे म्हणतील? आमच्या अंदाजाने, फार थोडी.