विठाबाईच्या नाळेचा हिशेब

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरातलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. माणसं राखेपुढं उभी राहून रडली. मलाही वाईट वाटलं. का नाही वाटणार? ते थेटर शाहू महाराजांनी बांधलेलं. १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालं. १९२० साली माणगावच्या परिषदेत बाबासाहेबांच्या पाठीशी उभा राहिलेला हा राजा. त्यानं रचलेलं जळालं की चटका आपल्यालाही बसतो. सरकारनं निधी जाहीर केला, ते पुन्हा उभं करायचं ठरलं. चांगलं झालं.

पण त्या रडारडीत माझ्या डोक्यात एक बाई येऊन बसली ती उठेना. तिचं थेटर कापडाचं होतं. गावाबाहेरच्या रानात संध्याकाळी कनात ठोकायची, रात्रभर नाचायचं, पहाटे मेखा उपटायच्या, सगळं गाडीत टाकायचं आणि पुढचं गाव.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. पूर्ण नाव घ्या. जात नावातच आहे. नाटकातल्या कुठल्या मोठ्या नटीचं नाव असं जातीसकट घेतात, सांगा.

१९३५ साली ती पंढरपुरात जन्मली, म्हणून नाव विठा. ज्या विठोबाचं नाव तिला दिलं त्याच्या देवळाचं दार आपल्या लोकांना उघडलं १९४७ साली, साने गुरुजी उपोषणाला बसल्यावर. तोवर ही पोरगी अकरा-बारा वर्षांची झालेली. बाप भाऊ आणि चुलता बापू, दोघांचा मिळून फड. तिथंच ती वाढली, तिथंच शिकली. गौळण, लावणी, वगातलं काम, तिन्हीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पहाटेपर्यंत बसलेल्या पब्लिकला तिनं हसवलं आणि तितकंच रडवलं. १९५७ साली राष्ट्रपती पदक. चीनच्या युद्धात सरहद्दीवर सैनिकांपुढं खेळ. १९९० साली पुन्हा राष्ट्रपतींच्या हातून सन्मान. १५ जानेवारी २००२ ला गेली. शेवटच्या आजारपणाचं बिल लोकांच्या मदतीतून भागवावं लागलं. २००६ पासून तिच्या नावानं सरकार पुरस्कार देतं.

हिशेब बघा. जिवंतपणी पदक, मरताना वर्गणी, मेल्यावर पुरस्कार.

तिची एक गोष्ट सगळा महाराष्ट्र सांगतो. पोटात नऊ महिन्यांचं पोर, पायात चाळ. खेळ चालू असताना कळा सुरू झाल्या. ती मागं गेली, बाळंत झाली, दगडानं नाळ ठेचली आणि परत बोर्डावर आली. सांगणाऱ्याचा आवाज इथं भरून येतो. ऐकणारे म्हणतात, वा! काय ती कलेची निष्ठा!

मला हे 'वा' सहन होत नाही.

मी गोदीत बोजा उचलतो. माझ्या पाठीवर पोतं घेऊन मी पडलो आणि तसाच उठून पुन्हा पोतं उचललं, तर त्याला कुणी निष्ठा म्हणणार नाही. मुकादमाला शिव्या घालतील, युनियन काम बंद पाडील. गोदी कामगारांसाठी १९४८ साली कायदा झाला, तो मागच्या पिढीनं भांडून मिळवला. आमची हजेरी लागते. विठाबाईची हजेरी कुठल्या मस्टरवर होती? बाळंतपणाच्या रजेचा कायदा १९६१ साली झाला. १९७३ साली तो घोड्यावरच्या कसरती, डोंबारी खेळ आणि तसल्या इतर खेळांपर्यंत वाढवला. म्हंजे सर्कसचा तंबू कागदावर तरी आला. तमाशाच्या कनातीत तो कायदा घेऊन कोण शिरलं? सुपारी आधीच घेतलेली, तिकिटं फाटलेली, पब्लिक शिट्ट्या मारतंय. अशा वेळी बाई मागं राहिली तर साठ-सत्तर पोटं उपाशी. हे ओझं तिच्या ओटीपोटावर होतं. त्याला कला म्हणून हात जोडले की आपण सगळे सुटलो.

व्हीशांताराम याच कोल्हापूरचे. १९२९ साली प्रभात कंपनी इथंच उभी राहिली. १९७२ साली त्यांनी 'पिंजरा' काढला. तमाशातली चंद्रकला आणि तिच्यापायी मातीत जाणारा मास्तर. सगळं थेटर मास्तरासाठी हळहळलं. चंद्रकलेला दिवस गेले असते तर तिनं खायचं काय, हा सवाल कुणाला पडला नाही. २०२५ साली बातमी आली की विठाबाईवर हिंदी सिनेमा निघतोय. आता ते बाळंतपण लाईट लावून दाखवतील. पुन्हा 'वा'.

दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला १९७१ साली सरकारी पैशानं निको मलान नाट्यगृह बांधलं. आत फक्त गोरे. १९७५ पर्यंत काळ्यांना दार बंद. आफ्रिकान्स नट्यांनी अशा बोर्डावर नाव कमावलं. तिथं निदान भेद उघड होता. आपल्याकडं पाटी लावायची गरज पडत नाही. त्यांचं ते नाटक, आमची ती लोककला. त्यांच्या नटीची कारकीर्द असते, आमच्या बाईची नुसती आख्यायिका.

आता घरचं बोलू. ते जास्त झोंबेल.

पठ्ठे बापूराव तमाशाच्या खेळांचं उत्पन्न चळवळीला द्यायला आले तेव्हा बाबासाहेबांनी ते नाकारलं. आपल्या बायकांना नाचवून आलेला पैसा नको, ही त्यामागची मान ताठ करणारी भूमिका. बरोबरच होती. तिच्यामुळंच आपल्या कितीतरी घरांतले चाळ सुटले, पोरी शाळेत गेल्या. पण बाबासाहेबांनी नाकारला तो पैसा. आपण मात्र बाईच नाकारली. बापूरावांच्या गाण्यावर अभ्यास झाले, त्यांच्याबरोबर बोर्डावर उभी राहिलेली हिवरगावची पवळाबाई, आपल्याच वाड्यातली, आपल्या जयंतीच्या किती भाषणांत येते? आणि त्याच जयंतीच्या मिरवणुकीनंतर आपलीच पोरं जत्रेत जाऊन पुढच्या रांगेत नोटा नाचवतात. मी स्वतः नाचवली आहे. दहाची. समोरची बाई माझ्या आईच्या वयाची होती. ते आज इथं लिहितोय, कारण न लिहिता दुसऱ्याला बोलायचा मला हक्क नाही.

तेव्हा या अंकापासून आमचं म्हणणं साफ आहे. तमाशातली बाई ही कामगार आहे. फडाची नोंद झाली पाहिजे, तिची हजेरी लागली पाहिजे. बाळंतपणाची पगारी रजा, विमा, म्हातारपणी पेन्शन, आणि तिच्या पोरांना एका जागी शाळा. तिला फड सोडायचा असेल तर दुसरं काम द्या. नाचायचं असेल तर इज्जतीनं नाचू द्या. ठरवणार ती. फडमालकानं ठरवायचं नाही, संस्कृतीवाल्यांनी नाही, आणि आपणही नाही.

केशवरावांचं थेटर पुन्हा उभं राहील. पहिल्या खेळाला पडदा वर जाईल तेव्हा दोस्तहो, पडद्यामागं काय आहे ते बघायला शिका. तिथं एक दगड पडलाय. त्याला अजून रक्त लागलेलं आहे.

जय भीम.