विभागाची रेघ, तालुक्याचा हिशेब

नवीन जालन्यातील मोंढ्यात सोयाबीन, मका घेऊन येणारा देऊळगाव राजाचा शेतकरी तासाभरात प्रदेश ओलांडतो. महसुली नकाशात तो अमरावती विभागातला, म्हणजे विदर्भातला; त्याचा अडत्या छत्रपती संभाजीनगर विभागातला, म्हणजे मराठवाड्यातला. रेल्वेची विभागणी आणखी वेगळी. जालना स्थानक दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात आणि त्या रेल्वेचे मुख्यालय सिकंदराबादला. मराठवाडा १९५६ मध्ये हैदराबाद राज्यातून बाहेर पडला, पण जालन्यावरून जाणारा निजामाच्या काळातला रेल्वेमार्ग आजही दक्षिण मध्य रेल्वेकडेच आहे.

कारभारासाठी असे विभाग लागतातच. मात्र महाराष्ट्रात या विभागांवर पैशाची वाटणीही ठरते. १९५३ च्या नागपूर कराराने समतोल विकासाचा शब्द दिला आणि घटनेच्या ३७१(२) कलमाने विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद केली. प्रत्यक्षात मंडळे आली ती १९९४ मध्ये. त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. पुनर्गठनाचा निर्णय घ्यायला राज्य मंत्रिमंडळाला सप्टेंबर २०२२ उजाडला आणि त्यानंतरही कागद मुंबई-दिल्लीच्या फेऱ्यांतच अडकला. मंडळांकडे फारसे अधिकार नव्हते, हे खरे. पण कोणाच्या वाट्याला किती आले याचा जाहीर हिशेब मांडणारी ती एकमेव घटनात्मक व्यवस्था होती.

मंडळ हवेच, पण हिशेब जुन्या साच्यातला नको. दांडेकर समितीने १९८४ मध्ये जिल्हानिहाय अनुशेष मोजला. केळकर समितीने २०१३ मध्ये तालुक्यापर्यंत जाण्याचा मार्ग दाखवला. तो योग्यच आहे. स्टील आणि बियाणे उद्योगाच्या जालना शहराची सरासरी मंठा-परतूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या नावावर मांडली, तर त्याचे मागासलेपण कागदावरून पुसले जाते. जालना जिल्हाच १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणीच्या तालुक्यांतून घडला. सीमा बदलतात, तालुक्याची गरज बदलत नाही.

दोन प्रदेशांना जोडणाऱ्या कामांचे हाल तर विचारू नयेत. जालना-खामगाव रेल्वेमार्गाची मागणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्याचे एक टोक दक्षिण मध्य रेल्वेत, दुसरे मध्य रेल्वेत; एक मराठवाड्यात, दुसरे विदर्भात. दोघांचे असलेले काम कोणाचेच राहत नाही.

सरकारने विकास मंडळे विनाविलंब कार्यरत करावीत, त्यांच्यापुढे तालुकानिहाय अनुशेष ठेवावा आणि मराठवाडा-विदर्भ सीमेवरील कामांसाठी दोन्ही मंडळांची संयुक्त बैठक बंधनकारक करावी. मराठवाड्याच्या आमदारांनी या तीन मागण्या विधिमंडळात एकमुखाने लावून धराव्यात.